बोटाला शाई नाही, तरी ‘तुमचं मतदान झालंय’!

एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “मागच्या निवडणुकीत सासूबाई दुपारी तीनच्या सुमारास केंद्रावर गेल्या. तिथे ‘आजी, तुमचं मतदान झालंय’ असं सांगून त्यांना परत पाठवलं. बोटाला शाई नव्हती, हातात कार्ड होतं. आता एक मेसेज फिरतोय की अशा वेळी कलम ४९-अ खाली चॅलेंज व्होट मागायचं. हे खरं आहे का? शिवाय माझं कार्ड माहेरच्या नावाचं आणि जुन्या पत्त्याचं आहे, पण इथल्या यादीत नाव आलंय म्हणतात. मला मत देता येईल का? मतदानाच्या दिवशी नेमकं काय माहीत असायला हवं?”

मी माध्यमिक शाळेत शिक्षक. पहिली इलेक्शन ड्युटी १९९५ च्या विधानसभेला, पत्र्याच्या मतपेट्या आणि लाखेच्या सीलच्या काळात. शेवटची २०२४ च्या विधानसभेला. मध्ये कधी मतदान अधिकारी, बहुतेक वेळा केंद्राध्यक्ष. टेबलाच्या त्या बाजूला बसून जे दिसलं ते सांगतो. मी वकील नाही, पण केंद्राध्यक्षाची पुस्तिका दर खेपेला आदल्या रात्री बाकावर आडवं पडून वाचलेली आहे.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे ‘नाही’ एकत्र झाले आहेत, आणि तो मेसेजही तोच गोंधळ करतो. पहिला ‘नाही’ म्हणजे यादीत नावच नाही. दुसरा ‘नाही’ म्हणजे यादीत नाव आहे, पण त्या नावावर कुणीतरी आधीच मत टाकलं आहे. पहिल्यावर मतदानाच्या दिवशी काहीही इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि तो सासूबाईंना मिळायलाच हवा होता. त्यांना परत पाठवणं चूक होती.

आधी पहिला ‘नाही’ निकालात काढू.

मतदार कार्ड हे ओळखपत्र आहे, मत देण्याचा परवाना नव्हे. हक्क येतो तो त्या केंद्राच्या यादीतल्या नावामुळे. आम्हा केंद्राध्यक्षांच्या हातात यादीची एक प्रत असते, तिला चिन्हांकित प्रत म्हणतात. त्या प्रतीत नाव नसेल तर समोर प्रत्यक्ष जिल्हाधिकारी उभे राहिले तरी आम्ही मत देऊ देऊ शकत नाही. दर निवडणुकीत दहा-पंधरा माणसं कार्ड आपटून भांडतात. “वीस वर्षं इथेच मत देतोय!” खरं असतं त्यांचं. पण नाव कधी वगळलं गेलं, कधी शेजारच्या केंद्रात गेलं, हे त्यांनी आधी पाहिलेलं नसतं. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. नंतर तहसीलदारांनाही तीत नाव घालता येत नाही.

आता तो ४९-अ वाला मेसेज. २०१९ पासून प्रत्येक निवडणुकीत तो उगवतो. “नाव यादीत नसेल तर आधार दाखवा आणि कलम ४९-अ खाली चॅलेंज व्होट मागा.” साफ खोटं. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे, त्याचा मतदाराच्या हक्काशी संबंध नाही. ‘चॅलेंज’ नावाची गोष्ट नियमांत आहे खरी, पण ती बरोबर उलट्या दिशेची. मतदाराचं नाव मोठ्याने पुकारलं जातं तेव्हा उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणू शकतो, “हा तो माणूस नाही.” त्यासाठी त्याने दोन रुपये भरायचे, मग केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतो. याला आक्षेपित मत म्हणतात. म्हणजे चॅलेंज तुम्ही देत नाही, तुम्हाला दिलं जातं. दोन रुपये! १९९५ लाही दोनच होते.

त्याच मेसेजच्या शेपटाला आणखी एक पुडी असते: एखाद्या केंद्रावर चौदा टक्के प्रदत्त मतं (म्हणजे काय ते पुढे सांगतो) झाली तर तिथे फेरमतदान होतं. असा कुठलाही नियम नाही.

आता दुसरा ‘नाही’. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोकांना सगळ्यात कमी माहिती याचीच असते. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही अनेकांना नसते.

यादीत नाव आहे, माणूस खरा आहे, आणि त्याच्या नावापुढे आधीच रेघ मारलेली आहे. अशा वेळी नियम ४९-पी लागू होतो. केंद्राध्यक्षाने त्या माणसाला ओळख पटवण्यासाठी प्रश्न विचारायचे. नवऱ्याचं नाव काय, घर कुठलं, घरात आणखी कोण मतदार आहेत, असे. उत्तरं समाधानकारक असतील तर त्याला यंत्रावर मत देता येत नाही, पण कागदी मतपत्रिका द्यावी लागते. ‘द्यावी लागते’ असं मुद्दाम म्हणतोय. ती केंद्राध्यक्षाची मेहेरबानी नाही. याला प्रदत्त मत म्हणतात, इंग्रजी शब्दच वापरायचा तर टेंडर्ड व्होट. या मतपत्रिका साहित्य वाटपातच प्रत्येक केंद्राला मिळतात, साधारण वीस. बहुतेक केंद्रांवर त्या जशा येतात तशाच परत जातात.

मतदाराने नमुना १७-ब या यादीवर सही किंवा अंगठा करायचा. मग मतपत्रिका आणि फुलीचा रबरी शिक्का घेऊन मतदान कक्षात जायचं, शिक्का मारायचा, घडी घालायची आणि ती केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची. तो ती वेगळ्या पाकिटात ठेवतो. ती यंत्रातही जात नाही, पेटीतही नाही. दिवसाच्या शेवटी किती प्रदत्त मतपत्रिका आल्या, किती दिल्या, किती उरल्या याचा हिशोब नमुना १७-क मध्ये लिहावा लागतो, आणि त्या नमुन्याची प्रत उमेदवारांच्या एजंटांना मिळते.

यापुढची गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो: हे मत मोजणीच्या दिवशी मोजलं जात नाही. ते पाकीट बंदच राहतं. निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयाने सांगितलं तरच ते उघडतं. “मग काय उपयोग?” असं मला एका निवृत्त पोस्टमास्तरांनी तोंडावर विचारलं होतं. मी त्यांना राजस्थानातलं नाथद्वारा सांगितलं. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे सी. पी. जोशी एका मताने हरले. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रिपदाच्या चर्चेतलं नाव, आणि एका मताने हार. त्या निकालावर जो खटला उभा राहिला त्यात याच पाकिटातल्या मतांचा मुद्दा उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पोस्टमास्तर म्हणाले, “आण तो कागद.”

दुसरा उपयोग साधा आहे. तुम्ही परत गेलात तर कागदोपत्री काहीच घडलेलं नाही. तुमच्या नावावर मत पडलंय, म्हणजे तुम्ही मत दिलंय. १७-ब वर सही केलीत तर तुमच्या नावावर दोन माणसं आल्याची सरकारी नोंद राहते.

आता प्रामाणिकपणाचा भाग. “आधीच झालंय” म्हटलं की लोक लगेच बोगस मतदान म्हणतात. होतं ते, नाही असं नाही. दुसऱ्याच्या नावावर मत देणं हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण माझ्या टेबलावर आलेल्या प्रकरणांपैकी जास्त करून चूक आमचीच असायची. आपल्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची दोनशे माणसं, त्यात चार ‘कमल’ आणि सहा ‘सुमन’. मतदान अधिकारी क्रमांक एकने भलत्याच कमलच्या नावाखाली रेघ मारली की संपलं. माझ्या हातूनही एकदा झालंय. तेव्हा यादीत फोटो नव्हते. नाव तेच, आडनाव तेच, नवऱ्याचं नावही तेच. सकाळी आठला एक बाई मत देऊन गेली, अकराला दुसरी आली, आणि तिच्या रेघेवर आधीच लाल खूण. पहिली बाई कुणी लबाड नव्हती, तिची स्वतःची ओळ वर कोरीच होती. मी घाईत खालची ओळ धरली होती. दुसरीला मी काही वेळ उगाच दरडावलं, त्याची अजून लाज वाटते. शेवटी प्रदत्त मतपत्रिका दिली आणि डायरीत खरं काय झालं ते लिहिलं. वरची कोरी ओळ वापरून हिला यंत्रावर मत देऊ द्यावं, असा मोह होतो. तसं करता येत नाही, ती ओळ तिची नाही.

त्यामुळे सासूबाईंच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. तिसरीही एक शक्यता आहे. प्रत्येक केंद्राकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची एक यादी असते, आम्ही तिला एएसडी यादी म्हणतो. बीएलओ, म्हणजे मतदारयादीसाठी घरोघरी फिरणारे कर्मचारी, घरी आले तेव्हा सासूबाई लेकीकडे गेल्या असतील तर त्यांचं नाव तीत पडू शकतं. अशा माणसालाही मत देता येतं. फक्त कसून ओळख तपासली जाते, नोंदवहीत सहीसोबत अंगठाही घेतात, लेखी प्रतिज्ञापन घेतात. एखाद्या नवख्या अधिकाऱ्याने या यादीतली खूण पाहून काहीतरी तोंडाला येईल ते सांगितलं असेल, असंही शक्य आहे.

तर पुढच्या वेळी असं झालं तर आवाज न चढवता तीन गोष्टी करा. एक, यादीतला अनुक्रमांक पुन्हा तपासायला सांगा: “साहेब, भाग क्रमांक अमुक, अनुक्रमांक अमुक, फोटो बघा.” निम्मी भांडणं इथेच मिटतात. दोन, मतदार नोंदवहीत, म्हणजे नमुना १७-अ मध्ये, त्या क्रमांकापुढे कुणाची सही किंवा अंगठा आहे ते केंद्राध्यक्षाला पाहायला सांगा. सासूबाई सही करत असतील आणि तिथे अंगठा असेल तर वेगळं काही सिद्ध करायची गरज उरत नाही. बोट तर कोरं आहेच. तीन, स्पष्ट शब्दांत म्हणा: “मला प्रदत्त मतपत्रिका द्या.” हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस सावध होतो. त्याला कळतं की समोरच्याला नियम माहीत आहे. तरीही नाही म्हटलं तर केंद्रावर फेरी मारणाऱ्या क्षेत्रीय अधिकाऱ्याला बोलवा, किंवा बाहेर येऊन १९५० वर फोन करा. पण केंद्राच्या आवारातून निघून जाऊ नका. घरी गेलेल्या माणसाची तक्रार ऐकायला संध्याकाळी कुणाला वेळ नसतो, तेव्हा आम्ही यंत्रं सील करत असतो.

आता तुमचं कार्ड.

जुन्या पत्त्याचं कार्ड चालतं. दुसऱ्या मतदारसंघात मिळालेलं असलं तरी ओळखीसाठी चालतं, अट एवढीच की इथल्या यादीत नाव हवं. नावातली काना-मात्रेची चूक, वयातला एखाद्या वर्षाचा फरक यासाठी कुणी अडवू नये असे आम्हाला स्पष्ट आदेश असतात. माहेरच्या नावाचं प्रकरण मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. यादीत नाव कोणतं आलंय ते आधी बघा. यादीतही माहेरचंच नाव असेल तर प्रश्नच नाही, तेच कार्ड न्या. यादीत सासरचं नाव आणि कार्डावर माहेरचं असेल तर सासरच्या नावाचं आधार, पॅन किंवा पासपोर्ट न्या. फोटो जुळला तर साधारण कुणी ताणत नाही, पण शेवटचा निर्णय त्या खोलीतल्या केंद्राध्यक्षाचा असतो आणि आमच्यात सगळ्या स्वभावाची माणसं आहेत. त्याच्या हातात निर्णय कमीत कमी राहील अशी तयारी करून जा.

जुन्या गावच्या यादीतही तुमचं नाव अजून असेल तर ते काढून घ्या. दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही, आणि दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही मतं बाद ठरतात. पत्ता बदलताना नवी नोंदणी म्हणून नमुना ६ भरू नका, स्थलांतरासाठी नमुना ८ आहे. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत ही चूक सर्रास होते, कारण घरातलं कुणीतरी “नवीन फॉर्म भर” म्हणून सांगतं.

कार्ड हरवलं असेल तर २०२४ च्या निवडणुकीत बारा पर्यायी ओळखपत्रं चालत होती. त्यातली रोजच्या उपयोगाची सांगतो: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी नोकरीतलं ओळखपत्र, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड. रेशनकार्ड त्यात नाही. बीएलओ घरी आणून देतात ती मतदार चिठ्ठीही २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. ती ओळ शोधायला सोयीची म्हणून जरूर न्या, पण सोबत खरं ओळखपत्र हवं. आणि कागद हातात धरता येईल असा न्या, मोबाईलवरच्या फोटोच्या भरवशावर राहू नका. मोबाईल आत नेताच येत नाही. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने केंद्राच्या दाराशी मोबाईल जमा करून घेण्याची सोय करायला सांगितलं, पण गर्दीत शंभर मोबाईलांतून आपला शोधायची हौस नसेल तर तो घरी किंवा सोबतच्या माणसाकडे ठेवलेला बरा. परदेशात राहणारे आणि तिथून नमुना ६-अ भरून नाव नोंदवलेले मराठी लोक हे वाचत असतील तर त्यांना स्वतः इथे येऊन, मूळ पासपोर्ट दाखवून मत द्यावं लागतं. त्यांना दुसरा पर्याय नाही.

आत काय घडतं ते एकदा डोळ्यांपुढे आणा. पहिल्या टेबलावर ओळख आणि यादी, नाव मोठ्याने पुकारलं जातं. ऐका नीट: तुमचंच नाव आणि तुमचाच क्रमांक पुकारला ना? पुढचा गोंधळ टाळायची ही सगळ्यात सोपी जागा आहे. दुसऱ्या टेबलावर डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई लावतात, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत, मग नोंदवहीत सही घेतात आणि चिठ्ठी देतात. शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, १९६२ पासून तिथूनच येते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. बोटाला तेल लावून येणारे हुशार लोक पाहिलेत मी. आम्ही फडक्याने पुसतो आणि मग लावतो. तिसऱ्या टेबलावर चिठ्ठी घेऊन अधिकारी कंट्रोल युनिटवरचं बटण दाबतो, तेव्हाच आतलं यंत्र तुमच्यासाठी सुरू होतं.

कक्षात गेल्यावर आधी हिरवा दिवा बघा. तो लागला नसेल तर बटणं दाबत बसू नका, बाहेरच्यांना आवाज द्या. दिवा असेल तर हव्या त्या नावासमोरचं निळं बटण दाबा आणि हात बाजूला घेऊन शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेकडे बघा. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग आपोआप आत पडते. ती तुम्हाला मिळत नाही. सात सेकंद कमी वाटतात, पण बहुतेक लोक तेवढाही वेळ थांबत नाहीत. बटण दाबलं की देवाला हात जोडल्यासारखे वळतात आणि चालू लागतात. लांब बीप ऐकू आला की मत नोंदलं गेलं.

चिठ्ठीवर भलतंच नाव दिसलं तर? तक्रार करता येते, पण विचारपूर्वक. केंद्राध्यक्ष तुम्हाला आधी समज देतो की तक्रार खोटी निघाली तर शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मग लेखी घेतो, आणि एजंटांच्या समोर तुम्हाला एक चाचणी मत टाकायला लावतो. चिठ्ठी खरंच चुकीची निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान तिथल्या तिथे थांबतं. काही लोकांना ही कैदेची तरतूद अन्यायाची वाटते आणि त्यावर वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर खात्री असलेल्या माणसाने न घाबरता तक्रार करावी. ‘बहुतेक दुसरंच दिसलं’ एवढ्यावर मात्र करू नये. चिन्हं शेजारी शेजारी असतात, चष्मा घरी राहिलेला असतो.

बरं, यंत्रात आधीपासून मतं भरून ठेवलेली नाहीत कशावरून, हेही लोक विचारतात. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला, एजंटांसमोर अभिरूप मतदान होतं. किमान पन्नास मतं टाकायची, निकाल काढून दाखवायचा, चिठ्ठ्या मोजून जुळवायच्या आणि मग यंत्र शून्यावर आणायचं. थंडीत साडेपाचला एजंट वेळेवर येत नाहीत, त्यांची वाट बघत आम्ही थर्मासमधला चहा संपवतो.

कुणालाच मत द्यायचं नसेल तर शेवटचं बटण नोटाचं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते आलं. ते दाबलं की कुणाला कळत नाही. नोंदवहीत सही करून ‘मला मत द्यायचं नाही’ म्हणून परत फिरण्याचीही तरतूद आहे, पण त्यात तुमच्या नावापुढे तशी नोंद होते, सगळ्यांच्या देखत. नोटा असताना हे का करावं, मला कळलेलं नाही.

सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ८५ च्या वर असतील किंवा ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरावा लागतो, म्हणजे बातमी वाचून आठवडाभर विचार केला की संधी गेली. एकदा घरून मतदानाला नाव लागलं की मग केंद्रावर येऊन मत देता येत नाही. केंद्रावरच येणार असतील आणि दिसत नसेल किंवा हातांनी बटण दाबता येत नसेल, तर सोबती नेता येतो. तो किमान १८ वर्षांचा हवा, आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. नुसतं लिहिता-वाचता येत नाही म्हणून सोबती मिळत नाही. चिन्हं त्यासाठीच आहेत. आणि “साहेब, तुम्हीच दाबा” असं आम्हाला सांगू नका. दर मतदानाला पाच-सहा आज्या सांगतात. आम्ही कक्षाच्या आत येऊ शकत नाही. बाहेर नमुन्याची मतपत्रिका दाखवून समजावून सांगू शकतो, तेवढंच.

वेळेबद्दल एकच. सहाला मतदान बंद होतं म्हणजे सहाला आवारात असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. आम्ही रांगेच्या शेपटापासून सुरुवात करून पुढच्या माणसापर्यंत क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो. शेवटच्या माणसाला एक नंबर, म्हणजे त्याच्या मागे कुणी येऊन उभं राहू शकत नाही. साडेसातपर्यंत चाललेलं मतदान मी घेतलं आहे. गेट बंद झालं म्हणून रांग सोडून जाऊ नका.

हे सगळं लोकसभा आणि विधानसभेचं. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी मुळात विधानसभेचीच, पण ती प्रभागनिहाय फोडलेली असते, त्यामुळे केंद्र बदललेलं असू शकतं. व्हीव्हीपॅट तिथे नसतो. आणि मुंबई सोडली तर महापालिकांत एका प्रभागात अनेक जागा असतात, अ, ब, क, ड अशा, आणि प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबावं लागतं. एकच दाबून बाहेर पडलात तर मतदान पूर्ण होत नाही, बीप वाजत नाही, आणि आतून अधिकारी ओरडतो. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबा, पण दाबा.

ताई, आता तुमच्या घरापुरतं सांगतो. पुढची निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता आयोगाच्या संकेतस्थळावर दोघींची नावं शोधा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका कागदावर लिहा, तो कागद ओळखपत्राच्या पाकिटात ठेवा. सासूबाईंच्याच नावाच्या दुसऱ्या कुणी त्याच भागात आहेत का तेही यादीत बघा; असतील तर मागच्या वेळचं कोडं तिथेच सुटेल. मतदानाला त्यांना दुपारी तीनला नेऊ नका, सात-साडेसातलाच न्या. तेव्हा आम्हीही ताजेतवाने असतो, यादीवरच्या ओळी नीट दिसतात, आणि त्यांच्या नावाखालची जागा कोरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.